पोटातली गादी

सोमवार, ६ जानेवारी

लॅबच्या मॅडमनी वही दिली. म्हणाल्या, रोज सकाळी यात लिहायचं, सर्दी आहे का, काय खाल्लं, झोप झाली का, डोक्याला तेल लावलं का. वास घेणाऱ्या माणसाचं सगळं माहीत असावं लागतं म्हणे. मी म्हटलं, मॅडम, माझी शाळा सातवीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्या म्हणाल्या, कोंबडीचे पाय चालतील, पण खरं लिहा.

आता खरं लिहायचं तर वही त्यांच्या हातात देता येणार नाही. म्हणून दोन केल्या. त्यांच्या वहीत "सर्दी नाही, झोप कमी, तेल नाही." बाकीचं इथे.

झालं असं. आमच्या कारखान्यात फोम बनतो, गाद्यांचा, खुर्च्यांचा. मोठ्या गिऱ्हाईकाने गाडी भरून माल परत पाठवला, का तर वास मारतो. कुजक्या मासळीसारखा. मी पॅकिंगला असते, उशा पिशव्यांत भरते. मी आल्या दिवसापासून बोंबलतेय की वास येतो, डोळे चुरचुरतात. तर मुकादम म्हणायचे, "वहिनी, मग अत्तराच्या कारखान्यात जायचं होतं." आता गिऱ्हाईकाला वास आला तर सगळे पळतायत. मॅडमनी पॅकिंगमध्ये येऊन विचारलं, इथे सगळ्यात जास्त कुरकुर कोण करतं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट केलं. अशी मी वास घ्यायच्या कामाला लागले. रोज थोडा वेळ लॅबमध्ये, बाकी दिवस पॅकिंग.

बुधवार, ८

फोमचा तुकडा काचेच्या बरणीत घालतात, झाकण घट्ट लावतात आणि बरणी गरम कपाटात ठेवतात. मग काढून जराशी निवू देतात. मग एकेकाने झाकण बोटभर सरकवून नाक लावायचं आणि आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही. सहा म्हणजे पळा. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, दुसऱ्याच्या कागदात बघायचं नाही. शाळेत परीक्षेला एवढी शिस्त नव्हती.

आम्ही चौघं आहोत. मी, गेटवरचे काका, कँटीनच्या स्वयंपाकीणबाई आणि स्टोअरचा कारकून. फोम ओतायच्या लाइनवरचा एकही माणूस घेतला नाही. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "त्यांना आता कळत नाही. दिवसभर ज्या वासात असतो तो माणसाला येईनासा होतो."

मला हसू आलं. आमच्या घरातच नमुना आहे. बाळाचे बाबा लाइनवर आहेत. त्यांचा शर्ट मी हाताने उचलत नाही, काठीने बादलीत ढकलते. आणि हे विचारतात, "कसला वास?"

आज मी पाच दिला. स्वयंपाकीणबाईंनीही पाच. मॅडमचं तोंड उतरलं. मला उगीचच वाईट वाटलं, जसा काही मी फोम केला.

शनिवार, ११

आमचं बाळ, ठकू, पालथी पडली. सकाळी मी पोळपाट धुवत होते, मागे बघते तर बाईसाहेब पोटावर, मान वर, आणि तोंडावर असा आव की हे तर रोजचंच आहे.

हे कामावर जाऊन सांगून आले आणि संध्याकाळी अख्खी लाइन गादी घेऊन दारात. मुकादम पुढे, फोम कापणारा मागे, डोक्यावर गादी. ह्यांच्या लाइनवर तशी रीतच आहे. लाइनवरच्या कुणाचंही बाळ पालथं पडलं की त्याला सगळे मिळून गादी देतात. आणि कुठली पण नाही, ब्लॉकच्या पोटातली.

ब्लॉक म्हणजे काय ते मी लग्नानंतर लांबून, दारातून पाहिलं. दोन पातळ औषधं मशीनच्या तोंडाशी एक होतात, पुढे सरकत्या कागदावर पडतात आणि पीठ फुगावं तशी फुगत जातात. बघता बघता बसएवढा ठोकळा. वरची साल लवकर वाळते, पण पोटात दुसऱ्या दिवशीपर्यंत ऊन असतं. पोटातला फोम सगळ्यात मऊ. तो गार व्हायच्या आत कापून बाळाला आणायचा. मुकादम म्हणाले, "गार गादी गिऱ्हाईकाला, ऊन गादी आपल्या पोराला. माझी मुलगी अशाच गादीवर वाढली, वहिनी."

मी हात लावून पाहिला, खरंच ऊन होती, तव्यावरून काढल्यासारखी. वास होताच. मी म्हटलं, "अहो, जरा बाहेर ठेवू या का?" तर सगळ्यांची तोंडं अशी झाली, जणू मी त्यांच्या हातचा चहा नको म्हटलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने कापली होती. मग मी गादी आत घेतली. ठकू ओलं करते म्हणून गादीला सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलं, वर चादर घातली. झोपली लगेच. दिसत होती मात्र राणीसारखी.

बुधवार, १५

वैताग. ठकू सकाळी उठली तेव्हा नाक गच्च, डोळे लाल. दिवसभर मी कामावर असते तेव्हा ती शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असते. तिथे ती खेळते, हसते, काकूंची टेप चोखते. घरी आणली, झोपवली, की सकाळी परत तेच.

कारण मला कळलंय. आमच्या खोलीची खिडकी कारखान्याच्या भिंतीकडे आहे. रात्री वारा फिरतो आणि धुराड्यातलं सगळं सरळ आत. काकूंची खिडकी दुसऱ्या बाजूला. म्हणून आज खिडकी बंद केली आणि फटींना पॅकिंगची चिकटपट्टी लावली. दाराखाली पोतं. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता आपल्यालाच बरणीत घातलंस की."

ह्यांना सगळ्याची गंमत. मला रात्र रात्र झोप नाही. तिचा श्वास मोजत बसते. शिंपीणकाकू म्हणतात पहिल्या बाळाला सगळ्यांचं असं होतं. होत असेल. पण माझं बाळ सगळ्यांचं नाही ना.

सोमवार, २०

चांगली बातमी. फोम सुधारतोय.

मॅडमनी औषध बदललं. फोम वेळेवर फुगावा म्हणून थेंबभर काहीतरी घालतात, मासळीचा वास त्याचाच. जुनं होतं ते नंतर हळूहळू उडून बाहेर यायचं. नवीन आहे ते फोममध्येच अडकून बसतं म्हणे. महाग आहे, पुष्कळ भांडून आणलं त्यांनी. आज नव्याचे आणि जुन्याचे तुकडे मिसळून बरण्या लावल्या होत्या. कुठली कुठली ते सांगत नाहीत.

मी सगळ्यांना दोन आणि तीन दिले. खरंच काही वाटलं नाही. स्वयंपाकीणबाईंनी मात्र दोन बरण्यांना पाच ठोकले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, तुमचं नाक फार तिखट." त्या म्हणाल्या, "आणि तुझं कुठे गहाण ठेवलंस?"  बाईंना मोठेपणा मिळालाय, नाकाने कांदे सोलतायत.

ठकूला खोकला.

गुरुवार, २३

मॅडमना आज ब्लॉक ओतून हवा होता, मुकादमच रजेवर. मुलीला घेऊन छातीच्या डॉक्टरकडे गेले. कॉलेजात जाणारी पोरगी, पण पर्समध्ये दम्याचा पंप असल्याशिवाय जिना चढत नाही. मॅडम चिडल्या, नंतर मलाच म्हणाल्या, "चिडून काय करू, लेकीचं आजारपण आहे." मला भरून आलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी घरी जाऊन चिकटपट्टीचा आणखी एक थर लावला.

शनिवार, २५

ठकूच्या छातीत शिट्टी वाजते. कान लावला की ऐकू येते, दूर कुठे किटली उकळत असल्यासारखी.

डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, घरात कुणी विडी ओढतं का, नवीन रंग दिला का, कुत्रं-मांजर आहे का. नाही, नाही, नाही. मग म्हणाले, हवा खेळती ठेवा. मी म्हटलं, डॉक्टर, कुठली हवा खेळती ठेवू, भिंतीपलीकडे कारखाना आहे. ते म्हणाले, तरी पण. आणि औषध लिहून दिलं. तरी पण. एवढं शिकून माणूस "तरी पण" म्हणतो.

येताना मी ह्यांना म्हटलं, आपण खोली बदलू. हे म्हणाले, "बदलू की. तू सांग कुठे." 

रविवार, २६

ताईकडे गेलो होतो, कालच्या रात्री तिथेच राहिलो. ठकू ताईच्या जुन्या सतरंजीवर झोपली आणि सकाळी नाक मोकळं, शिट्टी नाही. बघा, मी म्हणत होते. तिथे कारखाना नाही.

आत्ता घरी आलो. दार उघडल्या उघडल्या ठकू शिंकली.

बुधवार, २९

लॅबच्या दारात मॅडम आणि मुकादम यांचं जुंपलं. आम्ही चौघं आत बरण्यांपाशी, हलायची सोय नाही.

मॅडम म्हणत होत्या, एकाच ब्लॉकच्या सालीजवळच्या तुकड्याला दोन येतात आणि पोटातल्याला पाच. म्हणजे नुसतं औषध बदलून भागत नाही. ब्लॉक पोटात गार होईपर्यंत वेगवेगळे ठेवा, मध्ये माणूस जाईल एवढी फट सोडा, पंखे लावा, वास तिथेच जाऊ द्या. मग कापा. आणि जो वारा बाहेर टाकाल तो वास शोषणाऱ्या कोळशाच्या पेटीतून टाका.

मुकादम म्हणाले, "जागा कुठाय? ब्लॉक डोक्यावर ठेवू? इथे आजचा कापला नाही तर उद्याचा रस्त्यावर येईल."

"मग गिऱ्हाईक सोडून द्या."

"मॅडम, वीस वर्षं पोटातला फोम कापतोय. आमची पोरं झोपतात त्याच्यावर. तुमच्या त्या काचेच्या बरण्या आत्ता आल्या."

 मॅडम आत आल्या आणि आमचे कागद गोळा केले. माझा कागद बघून थांबल्या. "तुम्ही पोटातल्यालाही दोन दिलाय. सर्दी आहे का?" मी म्हटलं, नाही मॅडम, खरंच दोन वाटला. त्या म्हणाल्या, "हं." ते हं मला आवडलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. मोठ्या दिरांकडे असतात, ठकूचा खोकला ऐकून आल्या. पिशवी ठेवायच्या आधी दारातच उभ्या राहिल्या आणि पदर नाकाला लावला.

"काय मेलंय या खोलीत?"

मी म्हटलं, आई, काही मेलं नाही, आत या.

"काहीतरी मेलंय. मासे आणले होते का?"

 बारा गावचं पाणी प्यायलेल्या बाईशी आल्या आल्या कोण भांडेल. पण माझं डोकं फिरलं. मी रोज वास घ्यायचं काम करते, कारखान्याने सगळ्या बायकांतून मला निवडलं, आणि ह्या येऊन मला सांगणार की माझ्या खोलीत वास येतो. मी पाणी देताना म्हटलं, "आई, तो बाहेरचा वास. कारखान्याचा. खिडकी बंद आहे म्हणून बरं."

त्या म्हणाल्या, "बाहेरून तर मी आत्ता आले. बाहेर बरं आहे."

सोमवार, ३

कालपासून एकच. खिडकी उघड. खिडकी उघडू नका. त्यांनी चिकटपट्टीचं टोक सोललं, मी परत लावलं. त्यांनी ठकूला उचलून बाहेर ओट्यावर नेलं, मी आत आणलं. हे दोघींच्या मधून पाय उचलून गेले आणि कामावर पोचल्यावर श्वास घेतला असेल.

दुपारी मधल्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा त्यांनी खोलीभर नाक लावून हुंगलं. कपाट, बादली, ह्यांच्या चपला. शेवटी ठकूच्या गादीपाशी वाकल्या, चादर उचलली, प्लास्टिकचं टोक उघडलं. आणि मागे सरकल्या.

"हे. हे काय आहे?"

"आई, ती ह्यांच्या लाइनने दिलेली गादी आहे. पोटातली. सगळ्यात चांगली."

"अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरीच्या खाली हे घालून तू खिडक्या चिकटवतेस?"

मी पण खाली वाकले. नाक अगदी लावून हुंगलं. काही नाही. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही नाही. थोडासा प्लास्टिकचा. मी तसं सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "तुझं नाक गेलंय." ह्या वाक्याने मला रडू आलं, संतापाने. पोटची पोर आजारी, रात्रीची झोप नाही, आणि वर हे.

ठरवलं. उद्या कारखान्यातच दाखवते यांना. गादीच्या खालच्या बाजूने कोपऱ्याचा तुकडा कापला, पिशवीत घातला. बरणीत जाऊ दे. चौघंजण आकडे लिहितील, कागदावर येईल. कागद आणून सासूबाईंच्या हातात देते.

मंगळवार, ४

मॅडमना तुकडा दिला. म्हटलं, मॅडम, हा पण एक लावा, जुन्या मालातला आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, लावला. बरण्यांवर अक्षरं चिकटवली आणि जागा बदलल्या, म्हणजे कुठली कुठे मलाही कळेना.

नेहमीसारखं झालं. बरण्या निवल्या. एकेकाने पुढे जायचं. "ग" बरणीपाशी गेटवरचे काका गेले आणि त्यांनी झाकण लगेच बंद केलं. कारकुनाने डोळे पुसले. स्वयंपाकीणबाईंनी तोंड वाकडं केलं आणि मॅडम त्यांना ओरडल्या, तोंड वाकडं करायचं नाही. माझी पाळी आली. झाकण सरकवलं, नाक लावलं. काही नाही. परत लावलं. स्वच्छ. मी सुखाने एक लिहिला. म्हटलं हे नवं औषध फारच छान, मॅडमना आज बरं वाटेल.

मॅडमनी कागद घेतले आणि मोठ्याने वाचले. ग. पाच, पाच, सहा. आणि एक.

मला विचारलं, "हा एक तुमचा?"

मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, "ग म्हणजे तुम्ही आणलेला तुकडा. कुठून आणलात?"

मी सांगेना. मग सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, गादी, पोटातली, ऊन होती ती, प्लास्टिक, खिडकी, चिकटपट्टी, ताईकडे शिट्टी नव्हती ते. बोलता बोलता माझं लक्ष बरणीकडे गेलं. आत फोम, वर घट्ट झाकण, बाहेरून ऊब.



मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, तुमच्या नाकाला तो वास घरचा झालाय, म्हणून येत नाही. नाक खराब नाही झालं, सवयीचं झालं. मी विचारलं, माझ्या पोरीला काय होईल. त्या म्हणाल्या, मी डॉक्टर नाही, खोटं सांगणार नाही, पण गादी आत्ता काढा आणि खिडकी उघडा. स्वयंपाकीणबाई पाणी घेऊन आल्या. मला त्यांना तिखट म्हटल्याची लाज वाटली.

कामाच्या मधल्या सुट्टीत घरी पळाले. ठकू शिंपीणकाकूंकडेच होती, तिला काही घाई नव्हती, घाई मला होती. गादी ओढत बाहेर काढली. मग चिकटपट्टी. इतकी घट्ट लावली होती मी की नखं तुटली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "दुसरं टोक मी धरते."

बुधवार, ५

सासूबाईंचं "मी म्हटलं नव्हतं?" तीनदा झालं. काल बोलल्या नाहीत त्याची भरपाई.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. घास तसाच हातात. म्हणाले, "मी स्वतः कापली. दोनदा मापली. कडेचा नको म्हणून पोटातला घेतला." मी म्हटलं, अहो, तुम्हाला कुठे माहीत होतं. हे म्हणाले, "वास तर मला येत नाही." आणि शर्ट काढून नाकाला लावून बसले, किती तरी वेळ, जसं काही जोर लावला तर येईल.

मग म्हणाले, "कापणाऱ्याची जुळी."

मी विचारलं, काय.

"एक पालथं पडलंय. दुसरंही काल पडलं, म्हणून दोन गाद्या द्यायच्या ठरल्यात. शनिवारी."

शनिवार, ८

जन्मात मी लाइनवर गेले नव्हते. आज गेले. हे म्हणाले मी बोलतो, पण ह्यांच्याने बोलवेना. ब्लॉक टेबलावर चढवलेला, करवतीची पट्टी फिरतेय, कापणारा हसतोय, त्याच्या पोरांची गादी.

मी म्हटलं, "भाऊ, थांबा. ही नका नेऊ."

पट्टी थांबली. मुकादम आले. मी ग बरणीचं सांगितलं. कुणाला पटेना. एकजण म्हणाला, वहिनींना आता आमचीही गादी वास मारते. एकजण म्हणाला, द्यायचं देऊन वर हे ऐका. कापणारा तर असा बघत होता की मी त्याच्या पोरांचं काही चोरलं. मला वाटलं भूमी दुभंगावी.

मुकादम म्हणाले, "वहिनी, नाकापेक्षा मोती जड झालाय तुम्हाला. माझी मुलगी याच गादीवर वाढली."

माझ्या तोंडून निघून गेलं. "भाऊ, आणि तिची छाती?"

मला मारायला हवं होतं कुणीतरी. असं बोलतात का. पण ते शब्द परत घेता येईनात.  मुकादम फिरून खिडकीशी गेले. सगळी लाइन बंद, नुसता पंखा फिरतोय. मागून मॅडम आल्या होत्या, त्या हळू म्हणाल्या, "त्यानेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, भाऊ. खरंच नाही सांगू शकत."

मुकादम म्हणाले, "आणि नाही झालं, हे सांगू शकता?"



मग मुकादम कापणाऱ्याला म्हणाले, "काप. पण घरी नाही न्यायची. सायकल स्टँड रिकामा करा."

गुरुवार, १३

कारखान्याच्या मागचा सायकल स्टँड आता गाद्यांचा झालाय. जुळ्यांच्या दोन छोट्या गाद्या दोरीवर उभ्या टांगल्यात, दोन्ही बाजूंनी हवा, समोर पंखा. पुठ्ठ्यावर मुकादमांनी स्वतः लिहून लावलंय, "बाळांचा माल. हात लावू नये." सायकली गेटवरच्या काकांच्या खोलीत कोंबल्यात आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देतात. कापणारा रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन गाद्यांची बाजू बदलतो. माझ्याशी अजून बोलत नाही.

मॅडमनी ते बघितलं आणि मुकादमांना विचारलं, "गाद्यांना जागा मिळाली, ब्लॉकना नाही मिळणार?" मुकादम म्हणाले, "तुम्ही माणसाला जगू देणार नाही." पण सायंकाळपर्यंत चार ब्लॉक वेगळे उभे होते, मध्ये फट सोडून. कोळशाच्या पेटीचं अजून नुसतं बोलणंच चालू आहे.

मला वास घ्यायच्या कामातून काढलं. मॅडम म्हणाल्या काही दिवस नाकाला सुट्टी द्या, मग बघू. वरून म्हणाल्या, तुमच्या सासूबाई येतील का? मी म्हटलं, मॅडम, हात जोडते. घरात एवढं बस.

मंगळवार, १८

ठकूची शिट्टी कमी आहे. गेली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, घाबरू नका. मी विचारलं, किती वेळ, तर म्हणाले, बघू. मागच्या वेळी "तरी पण", या वेळी "बघू".

ठकू चादरींच्या घड्यांवर झोपते. खिडकी उघडी असते. आता मला खिडकी उघडी असली की भीती वाटते आणि बंद असली की त्याहून जास्त.

मंगळवार, ४ मार्च

ठकूची गादी मागच्या अंगणात दोरीवर टांगून आता बरेच दिवस झाले. प्लास्टिक जाळून टाकलं असतं, पण सासूबाई म्हणाल्या त्याचा आणखी वास होईल, म्हणून फेकलं. फेकायला हवी होती गादीही. पण ह्यांच्याने होत नाही. रोज कामावरून आले की तिची बाजू उलटतात, थोपटतात.

आज ह्यांनी विचारलं, "झाली असेल का आता?"

मी जाऊन नाक लावलं. इकडून, तिकडून, मधोमध. काही नाही. ह्यांनी लावलं, ह्यांनाही काही नाही. दोघं तिथे उभे राहिलो. एकाला एक, दुसऱ्यालाही एक. दोन्ही आकड्यांना शून्य किंमत.

आत सासूबाई ठकूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, भिंतीचं, कपाटाचं, माझ्या डब्याचं काहीतरी चुकीचं शोधत. मी दारात जाऊन म्हटलं, "आई, जरा बाहेर येता का? वास घ्यायचाय."

त्यांनी असं बघितलं जणू आयुष्यभर हेच ऐकायला बसल्या होत्या. ठकूला माझ्याकडे दिलं, पदर खोचला, सावकाश आल्या. गादीपाशी वाकल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मग परत एकदा. ह्यांनी श्वास रोखला होता.

"अजून आहे," त्या म्हणाल्या. "थोडा. मागच्यापेक्षा कमी."

ह्यांनी गादी उलटली, दोरीला नीट लावली. सासूबाई पदर सोडून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, डब्यात मीठ जास्त आहे.

रविवारी परत विचारणार.